भाजलेल्या जखमेवरचं पान

भाजलेल्या माणसाला सर्वांत जास्त धास्ती असते ती पट्टी बदलण्याची. कापडाची पट्टी जखमेला चिकटते आणि काढताना नुकतीच धरलेली कोवळी त्वचाही सोलून नेते. ही वेदना डोळ्यांपुढे ठेवली, की झाडपाल्याच्या पट्ट्यांचा इतिहास मला नीट उमगतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, बाराव्या अध्यायात, भाजण्याचे चार प्रकार दिले आहेत. त्यांतल्या ‘अतिदग्ध’ प्रकारात सुटलेलं मांस काढावं, थंड उपचार करावेत, तुपातला लेप द्यावा आणि जखम गुळवेलीच्या किंवा पाणवनस्पतींच्या पानांनी झाकावी, असं सांगितलं आहे. म्हणजे लेपाबरोबर आवरणाचाही विचार झाला होता.

आपल्या काळात हाच प्रश्न मुंबईच्या डॉक्टरांपुढे आला. कृत्रिम आवरणं महाग आणि रुग्ण गरीब. वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा अनुभव प्रसिद्ध केला. साल जंतू मारत नव्हती. पण जखम कोरडी पडू देत नव्हती. पुढं शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. त्याच्या मेणचट पृष्ठभागामुळं पट्टी अलगद सुटते. व्हॅसलिनच्या पट्टीशी केलेली तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. पानाच्या पट्टीनं वेदना कमी होत होत्या.

सगळेच घरगुती उपाय मात्र सारखे ठरले नाहीत. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १०० रुग्णांमध्ये मध आणि बटाट्याची साल यांची तुलना करून १९९६ साली निष्कर्ष मांडले. मधाच्या पट्टीखालच्या जखमा लवकर भरल्या. साल मागं पडली.

मला मोल वाटतं ते या पारखण्याचं. ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणणं सोपं आणि ‘हा गावठी उपाय’ म्हणून हसणं त्याहून सोपं. या डॉक्टरांनी दोन्ही टाळलं.

एक सांगायलाच हवं. रुग्णालयातली ती पानं वाफेनं निर्जंतुक केलेली असत. म्हणून भाजल्यावर परसातलं पान तोडून लावू नका. आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग स्वच्छ कापड आणि थेट डॉक्टर.