साक्षीदार दिवा

घरात आवाज चढवत नाही, हात उगारत नाही, चारचौघांत तर अगदी साळसूद; आणि तरीही ज्याच्यासोबत राहणारं माणूस वर्ष-दोन वर्षांत स्वतःच्या सावलीला घाबरू लागतं, अशा माणसाला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं? शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. कारस्थानी माणसासाठी 'मॅकिआव्हेलियन' होता, फ्लॉरेन्सच्या मुत्सद्द्याच्या नावावरून आलेला. दुसऱ्याच्या यातनांत सुख शोधणाऱ्यासाठी 'सॅडिस्ट' होता; मार्की द साद या फ्रेंच लेखकाच्या नावाचा हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांच्या लेखनातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सगळीकडे पोचला. 'स्वेंगाली' आला जॉर्ज द्यू मॉरिए यांच्या १८९४च्या 'ट्रिल्बी' या कादंबरीतून. हा संगीतकार एका मुलीला संमोहित करून तिच्याकडून गाऊन घेतो. ती व्यक्तिरेखा ज्यूद्वेषाने इतकी बरबटलेली आहे, की तो शब्द वापरू नये असंच मला वाटतं. 'मॅनिप्युलेटर' तर मूळचा हातांनी वस्तू हाताळण्याचा शब्द; माणसांना खेळवण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

हे सगळे शब्द छळणाऱ्याकडे पाहून घडले. तो किती धूर्त, किती क्रूर, त्याची जादू किती मोठी, एवढंच ते सांगतात. समोरच्या माणसाचं काय झालं, हे त्यांत कुठेच येत नाही. 'गॅसलाइटर' हा शब्द यांच्या रांगेत बसत नाही. तो ज्या दिव्यावरून आला, तो दिवा मंद होताना छळ सोसणाऱ्या बाईने पाहिला होता, आणि तिने पाहिलं ते खरं होतं. या शब्दाचं सगळं बळ त्या एका गोष्टीत आहे, आणि आज नेमकी तीच विसरली गेली आहे.

पॅट्रिक हॅमिल्टन यांचं 'गॅस लाइट' हे नाटक डिसेंबर १९३८मध्ये लंडनजवळच्या रिचमंड थिएटरात पहिल्यांदा झालं. काळ १८८०चा, जागा लंडनमधलं एक काळोखं, उंच घर. नवरा जॅक मॅनिंगहॅम, बायको बेला. पडदा उघडतो तेव्हा संध्याकाळच्या चहाची वेळ आहे. नवरा आज खुशीत आहे, बायकोला नाटकाला घेऊन जायचं म्हणतो. बेला हरखून जाते. आणि नेमकं त्या क्षणी त्याचा चेहरा बदलतो. भिंतीवरची तसबीर जागेवर नाही. कुणी काढली? तो दोन्ही मोलकरणींना बोलावतो, बायबलचं चुंबन घेऊन शपथ घ्यायला लावतो. त्या शपथ घेतात. बेलाही घेते. मग तो तिला सांगतो, शोध. ती शोधते, आणि तसबीर कपाटामागे सापडते. आता तो विचारतो, ती तिथे आहे हे तुला कसं कळलं? बेला सांगते की याआधीही ती तिथेच सापडली होती, म्हणून तिथे पाहिलं. उत्तर अगदी खरं आहे, आणि तेच तिच्यावर उलटतं. शोधलं नसतं तर आज्ञा मोडली, सापडली तर लपवणारी तीच.

मला या प्रसंगाइतकं अचूक वर्णन दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. धमकी नाही, मारहाण नाही. एक वस्तू हलवलेली, दोन साक्षीदार मुद्दाम उभे केलेले, आणि त्याआधी दिलेलं ते नाटकाचं आमिष. आमिष यासाठी, की पडताना उंचावरून पडावं. असल्या घरात राहिलेल्या बाया याच आमिषाबद्दल सगळ्यांत जास्त बोलतात. रोजचा जाच परवडला, पण मधूनच मिळणारा तो एक चांगला दिवस माणसाला पुन्हा पुन्हा फशी पाडतो.

आता तो दिवा. गॅसबत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतली पेट्रोमॅक्स येते. पंप मारायची, रॉकेलवर जळणारी. नाटकातला दिवा वेगळा. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून निघणारा गॅस शहरभर नळांनी खेळवायचा आणि घराघरांत भिंतीवरच्या तोटीतून पेटवायचा, ही ती पद्धत. लंडनमध्ये पॉल मॉल रस्त्यावर १८०७मध्ये याचं प्रात्यक्षिक झालं, १८१२मध्ये गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे १८६५मध्ये लागले. १८८०मध्ये दिव्याला मेंटल नव्हतं, उघडी ज्योत असे, आणि तिची उंची नळातल्या दाबावर ठरे. घरात एक दिवा चालू असताना दुसऱ्या मजल्यावर आणखी एक पेटवला, की पहिल्याची ज्योत खाली बसे. खालच्या मजल्यावर नळ सोडला की आपल्या न्हाणीघरातली धार बारीक होते, तसंच.

मॅनिंगहॅमने कित्येक वर्षांपूर्वी याच घरात एका म्हाताऱ्या बाईचा खून केला होता, तिच्या माणकांसाठी. माणकं मिळाली नव्हती. म्हणून बायकोच्या पैशांनी तेच घर घेतलं, वरचा मजला बंद करून ठेवला. रोज रात्री कामाच्या नावाखाली तो बाहेर पडतो, मागच्या वाटेने वर चढतो, आणि दिवा लावून शोधत बसतो. खाली एकट्या बसलेल्या बेलाला दिसतं की नवरा गेल्यावर थोड्या वेळाने दिवा मंद होतो आणि तो परतायच्या आधी पुन्हा मोठा होतो. डोक्यावर पावलं वाजतात. ती नोकरांना विचारते; घरात दुसरा दिवा कुणी लावलेला नसतो.

बहुतेक ठिकाणी हे नाटक असं सांगितलं जातं, की नवरा मुद्दाम दिवे मंद करतो आणि बायकोला म्हणतो, तुला भास होतोय. तसं ते नाही. तसबीर, घड्याळ, किराण्याची बिलं हे त्याने ठरवून हलवलेले मोहरे होते. दिव्याचा त्याने विचारच केला नव्हता. गॅसचा दाब त्याच्या ताब्यात नव्हता. त्याच्या सगळ्या बंदोबस्तातून तेवढी एक गोष्ट निसटली. आणि बेलाने ती हेरली होती. वेळा जुळवल्या होत्या, निष्कर्षाच्या उंबरठ्यापर्यंत ती स्वतःच्या डोक्याने पोचली होती. पुढचं पाऊल टाकायची हिंमत मात्र तिच्यात उरली नव्हती, कारण रोज तिला वेड्यात काढलं जात होतं. रफ नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी नवऱ्याच्या गैरहजेरीत घरी येतो आणि तिचं म्हणणं ऐकून घेतो. त्याच्यादेखत ज्योत खाली जाते. दुसऱ्या माणसाने तीच ज्योत पाहिली, एवढ्याने बेलाचं अर्धं दुखणं उतरतं.

हॅमिल्टन यांना हे कुठून सुचलं असेल, याचं थोडं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. १९०४चा जन्म, वडील दारुडे आणि घरावर जरब बसवणारे. 'रोप' हे त्यांचं १९२९चं नाटक, ज्यावर पुढे हिचकॉक यांनी सिनेमा केला, तेही थंड डोक्याने केलेल्या क्रौर्याचंच. १९५१च्या 'द वेस्ट पिअर'पासून त्यांनी गॉर्स नावाच्या एका गोडबोल्या भामट्यावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. आयुष्यभर हा लेखक एकाच जातीच्या माणसाकडे टक लावून पाहत राहिला. दारूने त्यांनाही खाल्लं. १९६२मध्ये ते गेले.

नाटकाचं नाव जगभर झालं ते अमेरिकेमुळे. 'एंजल स्ट्रीट' या नावाने ते डिसेंबर १९४१मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे १,२९५ प्रयोग झाले. इंग्लंडमध्ये थोरोल्ड डिकिन्सन यांनी १९४०मध्ये त्यावर सिनेमा केला होता. मग एमजीएम कंपनीने हक्क विकत घेतले आणि जुन्या सिनेमाच्या प्रती नष्ट करायचा घाट घातला. सुदैवाने तो सिनेमा वाचला, आणि आजही पाहावा इतका चांगला आहे. एमजीएमचा १९४४चा 'गॅसलाइट' जॉर्ज क्यूकर यांचा. त्यातल्या नायिकेच्या भूमिकेसाठी इनग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळालं. उर्मट मोलकरणीच्या भूमिकेत अँजेला लान्सबरी पहिल्यांदा पडद्यावर आल्या. अमेरिकन बोलीत 'गॅसलाइट' हे क्रियापद रुळलं ते या सिनेमानंतर.

१९६१मध्ये मानववंशशास्त्रज्ञ अँथनी वॉलेस यांच्या पुस्तकात ते छापून आलं, तेही लोकांच्या तोंडी आधीच असलेला शब्द म्हणून. १९६९मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड यांचा लेख आला. धडधाकट माणसाला वेड लागलंय असं भासवून त्याला मनोरुग्णालयात धाडण्याच्या खऱ्याखुऱ्या प्रकरणांवर तो होता. पुढे मनोविश्लेषकांनी हा शब्द उचलला, आणि २००७मध्ये रॉबिन स्टर्न यांच्या 'द गॅसलाइट इफेक्ट'ने तो घराघरांत नेला. २०२२मध्ये मेरियम-वेबस्टर कोशाने 'गॅसलाइटिंग'ला वर्षाचा शब्द ठरवलं. त्या वर्षी तो कोशात पाहणाऱ्यांची संख्या १,७४० टक्क्यांनी वाढली होती.

इथपर्यंत पोचता पोचता शब्द सैल झाला. राजकारण्याने थाप मारली, गॅसलाइटिंग. नवरा-बायकोचं एखाद्या जुन्या प्रसंगाच्या आठवणीवरून जुंपलं, गॅसलाइटिंग. हे मला पटत नाही. खोटं बोलणारा तुमच्यापासून सत्य लपवतो. गॅसलाइटर तुमचा तुमच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतो, आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो, जवळीक लागते, आणि त्याचंच म्हणणं खरं मानणारं जग भोवती लागतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पेज स्वीट यांनी २०१९च्या आपल्या शोधनिबंधात हाच शेवटचा मुद्दा लावून धरला आहे: बाई म्हणजे हळवी, बाई म्हणजे भ्रमिष्ट, ही समजूत आधीच हवेत असते, छळणारा ती फक्त कामाला लावतो. बेलाला रफ भेटला नसता, तर १८८०च्या लंडनमध्ये डॉक्टरांनी कुणाचं ऐकलं असतं, हे सांगायला नको.

नाटकाच्या शेवटी मॅनिंगहॅमला पकडतात ते त्या जुन्या खुनासाठी. बेलाशी तो जे वागला, त्यासाठी त्याला अटक करावी असं इंग्लंडच्या कायद्यात १८८०मध्ये काही नव्हतं, आणि नाटक रंगमंचावर आलं त्या १९३८मध्येही नव्हतं. भारतात १९८३मध्ये दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आलं, तेव्हा क्रूरतेच्या व्याख्येत विवाहितेच्या मानसिक आरोग्याला होणारी गंभीर इजाही धरली गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी २०१५चा गंभीर गुन्हे कायदा यावा लागला. त्याचं ७६वं कलम २९ डिसेंबर २०१५ला लागू झालं. जोडीदारावर किंवा घरच्या माणसावर वारंवार वा सतत ताबा गाजवणं, धाकात ठेवणं हा त्याखाली गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलमात 'गॅसलाइट' हा शब्द नाही. पण पुरावा म्हणून पोलिसांनी काय काय गोळा करावं, याची यादी सरकारी मार्गदर्शिकेत दिली आहे: फोनवरचे निरोप, ईमेल, बँकेची खाती, आणि छळ सोसणाऱ्या व्यक्तीने स्वतः लिहून ठेवलेली रोजनिशी.