मोठ्या आतड्याचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठीचे, म्हणजे पॉलिपचे, कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षे लागतात. एवढा अवधी मिळूनही रुग्ण उशिरा येतात. कारण शौचावाटे जाणारे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते. चाळिशीनंतर असा रक्तस्राव होत असल्यास किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन घटल्यास कोलोनोस्कोपी टाळू नये.

रोग अन्यत्र पसरलेला नसेल, तर बाधित भाग व लगतच्या लसिकाग्रंथी काढून आतड्याची टोके जोडतात. किमान १२ ग्रंथी तपासल्या गेल्या, तरच रोगाचा टप्पा खात्रीने सांगता येतो. पॅथॉलॉजीच्या अहवालात हा आकडा जरूर पाहावा. काहींच्या पोटावर स्टोमा, म्हणजे कृत्रिम शौचमार्ग, करावा लागतो. त्याविषयी घरात कुजबुजच अधिक होते. वास्तविक पिशवी बदलणे सरावाने जमते, आणि अनेकांचा स्टोमा काही महिन्यांनी बंदही करता येतो.

ग्रंथींत रोग आढळल्यास तीन ते सहा महिने केमोथेरपी दिली जाते. खरी कसोटी येथे लागते. ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने थंडी सोसवत नाही : फ्रिजमधले पाणी घशाला टोचते, बोटांना मुंग्या येतात. पुण्यातील डिसेंबरच्या सकाळी दुचाकीची गार मूठ धरणेही नकोसे होते. हातमोजे आणि कोमट पाणी हा साधा उपाय. मुंग्या टिकून राहिल्यास डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास मात्र गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

खर्चाची चिंता रोगाइतकीच मोठी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. कुटुंबामागे वार्षिक मर्यादा ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मंजुरी उपचारांआधी घ्यावी लागते, म्हणून योजनेतील रुग्णालयाच्या 'आरोग्यमित्रा'ला प्रथम भेटावे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दुसरे मत घेऊन केमोथेरपी पुण्यातच घेण्याचा मार्गही मोकळा असतो. दर पंधरवड्याला मुंबईची खेप त्यामुळे वाचते.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी रक्तातील 'सीईए' तपासतात, तर वर्षभराने पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. रुग्णाच्या भावंडांनी व मुलांनी चाळिशीत, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी.