महापुराची कागदपत्रे : समाजमाध्यमांतील इतिहाससाधनांच्या संकलनाचा प्रश्न

दिनांक २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव या नद्यांचे पाणी रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहरात शिरले. बाजारपेठ पाण्याखाली गेली, मुंबई-गोवा महामार्गावरील वाशिष्ठीच्या पुलाचा काही भाग खचला, आणि १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. या ग्रंथालयास २००५ च्या जुलैमधील पुराचाही तडाखा बसला होता. कागदावरील साधने अशी नष्ट होत असता त्याच घटकेस त्याच आपत्तीविषयी निराळ्या जातीची साधने निर्माण होत होती. मदतीच्या हाका, छायाचित्रे, चलच्चित्रे, मुंबईतील चाकरमान्यांनी आप्तांविषयी केलेल्या चौकश्या, हे सारे ट्विटर, फेसबुक व व्हॉट्सॲप या माध्यमांवर उमटत होते. ही साधने भिजली नाहीत. परंतु ती टिकली, असेही म्हणवत नाही. त्यांचे संकलन करण्याची विद्या संशोधक कसे शिकले आणि ती कोठे अडली, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रास साधनसंकलनाची परंपरा नवी नव्हे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या परंपरेने केवळ कागद जमविले नाहीत, तर कागद जमविण्याची शिस्त घालून दिली. कागद कोणाच्या दप्तरात मिळाला, अस्सल की नक्कल, लेखक कोण, काळ कोणता, हे प्रश्न मजकुराच्या आधी विचारावयाचे, ही ती शिस्त होय. जुन्या पत्रांत अनेकदा चंद्र व महिना असतो, पण वर्ष नसते; ते अन्य पुराव्यावरून ठरवावे लागते. व्हॉट्सॲपवरून हातोहात पुढे गेलेल्या छायाचित्राची स्थिती याहून वेगळी नाही. मूळ कर्ता, स्थळ व वेळ यांच्या खुणा वाटेतच गळून पडतात, आणि २००५ चे चित्र २०२१ चे म्हणून संग्रहात शिरण्याचा धोका उत्पन्न होतो.

तथापि एका बाबतीत नव्या साधनांची कथा सर्वस्वी निराळी आहे, व ती म्हणजे दप्तराच्या मालकीची. राजवाड्यांच्या काळी दप्तरांचे धनी गावोगाव विखुरलेले होते. एकाने नकार दिला तरी दुसऱ्याचे दार ठोठावता येत असे. आज धनी मोजकेच आहेत आणि ते समुद्रापार आहेत. २००६ साली सुरू झालेल्या ट्विटरने बाहेरच्या संगणकप्रणालींना आपला मजकूर मागविण्याची सोय दिली, आणि संशोधकांनी शब्द, स्थळ व दिनांक यांवरून नोंदी गोळा करण्याचे तंत्र हस्तगत केले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१० मध्ये या माध्यमावरील सर्व सार्वजनिक मजकूर जतन करण्याचे ठरविले. परंतु २०१८ च्या आरंभापासून ते केवळ निवडक मजकूर घेऊ लागले. जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने विद्यापीठीय संशोधकांस आरंभापासूनचा सार्वजनिक संग्रह विनामूल्य खुला केला. चिपळूणचा पूर त्यानंतर सहाच महिन्यांनी आला. म्हणजे त्या पुराच्या नोंदी विधिवत संकलित करण्याची संधी त्या वेळी उपलब्ध होती.

ती फार काळ राहिली नाही. कंपनीची मालकी २०२२ मध्ये बदलली, व २०२३ च्या फेब्रुवारीत विनामूल्य प्रवेश बंद करण्याची घोषणा झाली. फेसबुकवरील सार्वजनिक मजकूर पाहण्याचे ‘क्राउडटँगल’ हे साधनही १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद करण्यात आले. ट्विटरच्या नियमांनुसार संशोधक परस्परांस मुख्यत्वे नोंदींचे क्रमांकच देत असत. क्रमांकावरून मजकूर पुन्हा मागविता येई. दार बंद होताच हे क्रमांक कुलूप बदललेल्या घराच्या किल्ल्यांसारखे झाले.

संकलन यथासांग झाले, तरी संग्रहात काय नाही याचा विचार शिल्लक राहतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली व मंडणगड तालुक्यांतील वीज आणि दूरध्वनी बंद पडले. ज्यांची घरे उडाली त्यांचा आवाज त्या दिवसांच्या नोंदींत क्षीण असणार, आणि दुरून काळजी करणाऱ्यांचा मोठा. नोंदींच्या संख्येवरून हानीचे माप काढणारा संशोधक अशा वेळी सर्वांत पीडित गावासच सर्वांत सुरक्षित ठरवील. शिवाय चिपळूण हे नाव देवनागरीत एका प्रकारे, तर रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते. एकच रूप शोधणाऱ्याच्या हाती तुकडाच लागतो.

याहून नाजूक प्रश्न खाजगी संभाषणाचा आहे. व्हॉट्सॲपवरील गटांचा मजकूर २०१६ पासून पूर्णतः कूटबद्ध असून तो सहभागी व्यक्तींच्या संमतीवाचून मिळत नाही, व मिळूही नये. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संशोधन व अभिलेखन यांस काही अटींवर सवलत दिली आहे. परंतु कायद्याने मोकळीक दिली म्हणून छपरावरून मदत मागणाऱ्या स्त्रीचा दूरध्वनी क्रमांक ग्रंथात छापणे न्याय्य ठरत नाही. तिने तो नावाड्यासाठी लिहिला होता, इतिहासकारासाठी नव्हे.

यावरून एक निष्कर्ष निघतो. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या माध्यमांवर संशोधकांस विदा देण्याचे बंधन घातले. तसा आधार नसलेल्या अभ्यासकाने कंपनीच्या औदार्यावर विसंबून राहू नये. घटना घडताच संकलन करावे, प्रत्येक नोंदीसोबत ती केव्हा, कोणत्या शोधशब्दाने व कोणत्या मार्गाने मिळाली हे लिहून ठेवावे, आणि लोकांकडे असलेले संदेश त्यांच्या संमतीने स्थानिक ग्रंथालयांत ठेवावेत. राजवाडे दारोदार हिंडले ते दप्तरे वाळवीच्या मुखी पडण्याच्या आत. आजची वाळवी दिसत नाही आणि ती एका रात्रीत सारे दप्तर फस्त करू शकते, एवढाच काय तो फरक.