पेठेचा वारसा : स्थानिक व्यापार आणि गावाची जडणघडण

महाराष्ट्रातील जुन्या गावांची रचना पाहिली, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. मंदिर, चावडी आणि पेठ या तीन जागा परस्परांपासून हाकेच्या अंतरावर असतात. पेठेत पुढे दुकान आणि मागे किंवा माडीवर घर, अशी वास्तूंची पद्धत. दुकानाचा धनी हा त्याच गावाचा रहिवासी. त्याची मुले गावच्याच शाळेत जात, त्याच्या घरचे मंगलकार्य गावच्याच साक्षीने होई आणि गावावर दुष्काळ किंवा पूर आला, तर त्याची झळ त्यालाही लागे. व्यापारी आणि गाव यांचे हित अशा रीतीने एका धाग्यात गुंफलेले होते. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थांच्या वाटचालीचे स्मरण होत असताना, अशा संस्थांना ज्या पेठांनी बळ दिले, त्या पेठांच्या इतिहासाकडेही दृष्टी टाकणे उचित ठरेल.

श्रेणी, नगर आणि दान

व्यापार व लोककल्याण यांची सांगड या भूमीत किती प्राचीन आहे, याची साक्ष नाशिकजवळील पांडवलेणी देतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव निर्माण केली. ही ठेव त्याने राजकोषात ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती सोपविली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, तर दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होई व त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदविला गेला, असेही लेखात म्हटले आहे.

या लेखाचे मर्म विचार करण्याजोगे आहे. एका राजपुरुषाला आपले दान चिरकाल टिकावे असे वाटले, तेव्हा त्याने स्थानिक कारागिरांच्या संघटनेवर विश्वास टाकला. विणकर माग सोडून दूर जाणार नाहीत, त्यांची पत गावात सर्वांना ठाऊक आहे आणि ठेवीचा वापर त्यांच्या धंद्यातच होणार आहे, हा त्यामागील विचार असावा. एकाच रकमेने मागही चालले आणि धर्मकार्यही.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरच्या शिलाहार राजवटीत हीच परंपरा वेगळ्या रूपाने दिसते. राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने पार्श्वनाथाची बसदी उभारली. त्या बसदीच्या नित्यखर्चासाठी कोल्हापूर, मिरज आदी ठिकाणच्या व्यापाऱ्यांनी व अय्यावळेच्या प्रसिद्ध व्यापारी संघाच्या प्रतिनिधींनी बाजारातील मालावर ठरावीक भाग द्यावयाचे मान्य केले. मंदिर बांधले सामंताने. ते चालविण्याचा भार मात्र पेठेने उचलला. वास्तू उभारणे एका धनिकाला शक्य असते, पण ती पिढ्यान् पिढ्या चालती ठेवण्यास अनेकांचा नियमित हातभार लागतो. तो नियमितपणा रोजच्या विक्रीतूनच येऊ शकतो.

पेठा वसल्या, शहरे वाढली

पुढील काळातही दूरदृष्टीच्या राज्यकर्त्यांनी राजधानीबरोबर पेठेचा विचार केला. १८९१ मध्ये कोल्हापूर रेल्वेने मिरजेशी जोडले गेले आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. पंचगंगेच्या खोऱ्यातील गुळाला तेथे हक्काची बाजारपेठ लाभली. पुढे महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर ही आखीव व्यापारपेठ रेल्वेमार्गावर वसविली. सरळ रुंद रस्ते आणि दुकानांसाठी राखलेल्या जागा यांतून त्या नगररचनेमागील हेतू आजही वाचता येतो.

गुळाची एक अडत पेठेत सुरू झाली, की तिच्याभोवती किती संसार उभे राहतात, हे पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या गाडीतून माल उतरवून घेणारा हमाल, वजन करणारा तोलाईदार, हिशेब लिहिणारा दिवाणजी, बारदान पुरविणारा, गाडीचे चाक दुरुस्त करणारा लोहार, खानावळवाला, चहावाला आणि परतीच्या वाटेवर शेतकरी ज्याच्याकडून कापड व मीठमिरची घेतो तो दुकानदार. गुळाचे पैसे अशा रीतीने पेठेतच चार हातांतून फिरत आणि प्रत्येक हाताला काहीतरी देऊन पुढे जात. नफा गावातच खर्च झाला, तर एकच रुपया अनेकांचा आधार होतो; तोच रुपया पहिल्याच व्यवहारानंतर दूरच्या शहरी गेला, तर ही साखळी तेथेच तुटते. स्थानिक व्यापाराने गाव बळकट होते, याचे पहिले कारण हेच आहे.

सांगलीची हळद हे दुसरे उदाहरण. कृष्णाकाठच्या हरिपूर व सांगलीवाडी परिसरातील चिकण मातीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची प्रथा तेथे रूढ झाली. पेवाचे तोंड बंद केले, की आतील माल दीर्घकाळ टिके. परंतु जमिनीखालचा माल डोळ्यांना दिसत नाही. तो तेथे आहे, सांगितला तेवढा आहे आणि सांगितला त्याच प्रतीचा आहे, हे सर्व व्यापाऱ्याच्या शब्दावर मानावे लागे. अशी पद्धत परक्यांच्या बाजारात रुजणे अवघड होते. परस्परांना तीन पिढ्या ओळखणाऱ्या माणसांच्या पेठेतच ती रुजली. २००५ च्या महापुरात यांतील पुष्कळ पेवांची हानी झाली. पण पेठेने मिळविलेली कीर्ती बुडाली नाही, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

धर्मादाय : गल्ल्यातील समाजाचा वाटा

पेठेने समाजाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी म्हणजे धर्मादायाची प्रथा. प्रत्येक सौद्यावर अल्पशी रक्कम धर्मादाय म्हणून वेगळी काढावयाची, तिचे खाते चोपडीत स्वतंत्र ठेवावयाचे आणि वर्षअखेरीस ती पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई, मंदिर किंवा पाठशाळा यांसाठी खर्चावयाची, ही रीत अनेक पेठांत चालत आली. रक्कम लहान असे, म्हणून देणाऱ्याला ती जाचक वाटत नसे. व्यवहार अनेक असत, म्हणून साठा मोठा होई.

या प्रथेला कायद्यानेही मान्यता दिली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५४ मध्ये धर्मादायाचा स्वतंत्र उल्लेख आहे. व्यापाराच्या रूढीनुसार धार्मिक वा परोपकारी हेतूने आकारलेली रक्कम ही ती गोळा करणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने असते व तिचा हिशेब त्याने धर्मादाय कार्यालयास सादर करावयाचा असतो, असे ते कलम सांगते. १९७९ मध्ये हाथरस येथील एका सूतगिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही निर्णय दिला, की धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम ही व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. दुकानाच्या गल्ल्यात पडलेला प्रत्येक पैसा दुकानदाराचा नसतो, ही पेठेची जुनी समजूत अशा रीतीने न्यायालयातही टिकली.

या वृत्तीतून काय उभे राहिले, हे दक्षिण महाराष्ट्राने अनुभवले आहे. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या उदार साहाय्याने कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात शिक्षणाची वाट त्यामुळे खुली झाली. कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील याच बोर्डिंगात काही काळ राहिले होते. त्यांनीच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून बहुजनांच्या शिक्षणाचा वटवृक्ष लावला. एका समाजाने आपल्या मुलांसाठी केलेली सोय अखेर सर्व समाजांच्या उपयोगी पडली.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे उदाहरणही याच मालिकेतले. १९४१ मध्ये त्यांनी जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन करून ३०,००० रुपयांचे दान जाहीर केले व १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती संघाला अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमालेतून प्राकृत व संस्कृतातील दुर्मीळ ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हीरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांच्या संपादनाखाली प्रकाशात आले. न्यायाने मिळविलेले धन विद्येकडे वळले, की काय घडते, याचा हा आदर्श होय.

१८७५ चा धडा

मात्र इतिहासाचे एकच पान वाचून चालत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी गुजर व मारवाडी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. कापसाच्या किमती कोसळल्या होत्या, सारा वाढला होता आणि कर्जाचा विळखा घट्ट झाला होता. दंगलीत माणसांवर जीवघेणे हल्ले क्वचितच झाले. जमावाचा रोख कर्जरोख्यांवर व दस्तऐवजांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

हे सावकारही गावातच राहत होते, त्यांची दुकानेही गावातच होती. तरीही गाव त्यांच्यावर उलटले. दुकान गावात असणे पुरेसे नाही, दुकानदाराने गावाचे असावे लागते, हा या घटनेचा बोध आहे. शेतकऱ्याला न वाचता येणारा कागद, न समजणारे व्याज आणि न संपणारे कर्ज यांच्या बळावर चाललेला व्यवहार कधीच पेठेचे भूषण होत नाही. श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी मापे व भेसळ यांचा समावेश आहे आणि परिग्रहाला मर्यादा घालण्याचाही उपदेश आहे. हे नियम जेथे पाळले गेले, तेथे पेठ फुलली. जेथे मोडले गेले, तेथे चोपड्या जळाल्या.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६३ च्या महाराष्ट्राच्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने परवाना, प्रमाणित वजने आणि उघड लिलाव यांना बळ दिले. या नियमांचा प्रामाणिक व्यापाऱ्याला तोटा झाला नाही. उलट त्याचा प्रामाणिकपणा सर्वांना दिसू लागला.

नव्या काळाची कसोटी

अलीकडच्या वर्षांत पेठेपुढे नवी आव्हाने उभी आहेत. मोठ्या साखळी-दुकानांची दालने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत आणि भ्रमणध्वनीवरून मागविलेला माल दारात येतो. तेथे निवड अधिक असते, किमती अनेकदा कमी असतात, सदोष वस्तू परत घेतली जाते. ग्राहकाला हे लाभ हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. केवळ भावनेला हात घालून त्याला पेठेत आणता येणार नाही.

तथापि संकटाच्या दिवसांनी पेठेचे मोल दाखवून दिले आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा हाती रोकड नसलेल्या अनेक घरांची चूल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील उधारीवर पेटली. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा गल्लीतला दुकानदारच धान्य व औषध घरपोच करीत होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या पेठांत पाणी शिरले व दुकानदारांचेच अतोनात नुकसान झाले. पाणी ओसरल्यावर त्याच पेठा पुन्हा उघडल्या, कारण त्यांच्या धन्यांना दुसरीकडे जावयाचे नव्हते. ग्राहकाचे नाव, त्याच्या घरची माणसे आणि त्याची पत ठाऊक असणे, हे भांडवल कोणत्याही गोदामात साठविता येत नाही.

म्हणून हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या कर्तव्याचा आहे. व्यापाऱ्याने चोख वजन, रीतसर पावती, उघड भाव व सौजन्य यांत कमी पडू नये. नव्या साधनांचा अंगीकार करावा. सहकारी व शेजारी दुकानदारांशी मिळून एकत्रित खरेदी करून भाव उतरवावेत. आणि दुकानातील कामगाराला न्याय्य वेतन देऊन गावातच धंदा शिकण्याची संधी द्यावी. ग्राहकाने किमतीचा हिशेब करताना थोडे पुढे पाहावे. गावच्या वाचनालयाची वर्गणी, पाठशाळेची खोली, गणेशोत्सवाचा मांडव, आजारी विद्यार्थ्याला मदत यांसाठी कार्यकर्ते ज्या दारांशी पावतीपुस्तक घेऊन उभे राहतात, ती दारे पेठेतली असतात. पेठ ओस पडली, तर ती दारेही बंद होतील.

विश्वस्त संस्थांच्या दृष्टीने हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. संस्थेला धन जसे लागते, तशी माणसेही लागतात. सायंकाळी दुकान आवरून सभेला येणारा, हिशेब तपासणारा, उत्सवात राबणारा कार्यकर्ता हा बहुधा गावातच व्यवसाय करणारा असतो. पुढील पिढी चरितार्थासाठी दूरच्या महानगरांत गेली आणि पेठेतील दुकानांना वारस उरला नाही, तर विश्वस्त मंडळांच्या खुर्च्याही हळूहळू रिकाम्या होतील. गोवर्धनच्या विणकरांकडे ठेव ठेवणाऱ्याने त्यांच्या स्थैर्यावर भिस्त ठेवली होती. येत्या पन्नास वर्षांत संस्थांना तेच स्थैर्य हवे असेल, तर गावातील तरुणाने गावातच सचोटीचा धंदा उभारावा आणि गावाने त्याला पहिला ग्राहक म्हणून साथ द्यावी, हाच पेठेच्या दीर्घ इतिहासाचा सांगावा आहे.