ओकावा शाळा : एक्कावन्न मिनिटे

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, इशिनोमाकी शहराच्या हद्दीत, कामाया नावाची वस्ती होती. तिथेच ओकावा प्राथमिक शाळा. पटावर १०८ मुले. समुद्र जवळपास ४ किलोमीटर लांब, किताकामी नदी मात्र अगदी जवळ. मागे डोंगर.

९ मार्च २०११, सकाळी ११.४५. भूकंप, तीव्रता ७.३. मुले मैदानात आली आणि परत वर्गात गेली. किनाऱ्यावर आलेली लाट जेमतेम अर्ध्या मीटरची. नंतर शिक्षकांमध्ये विषय निघाला : मोठी त्सुनामी आली तर डोंगरावर चढायचे का? चढ उभा, पायाखाली धड वाट नाही. विषय तिथेच राहिला.

शाळेच्या आपत्ती आराखड्यात त्सुनामीच्या वेळी जायचे ठिकाण लिहिलेले होते : ‘जवळची मोकळी जागा, उद्यान इत्यादी’. कामायात त्या कामाची अशी जागा नव्हती. पालिकेच्या नकाशात शाळा धोक्याच्या रेषेबाहेर होती. उलट त्सुनामीत लोकांनी आसरा घ्यायच्या जागांमध्येच तिची नोंद होती. पूर्वीच्या मोठ्या लाटा कामायापर्यंत आल्या नव्हत्या, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

११ मार्च, दुपारी २.४६. तीव्रता ९. हादरे तीन मिनिटांहून अधिक चालले. मुख्याध्यापक रजेवर होते, निर्णय उपमुख्याध्यापकांकडे आला.

२.४९. हवामान संस्थेचा मोठ्या त्सुनामीचा इशारा. मियागी प्रांतासाठी अंदाज ६ मीटर.

२.५२. कर्ण्यावरून सूचना : किनाऱ्याकडे, नदीकडे जाऊ नका. मुले मैदानात जमू लागली. वर्गवार रांगा, हजेरी. इथपर्यंत सराव होता.

३ वाजल्यानंतर. पालक गाड्या घेऊन येऊ लागले. एकूण २७ मुले घरच्यांसोबत गेली. रेडिओवर ऐकलेला इशारा काही पालकांनी शिक्षकांच्या कानावर घातला. वस्तीतले लोकही शाळेत जमत होते, त्यात म्हातारी माणसे होती. आसऱ्याची जागा हीच, असे त्यांना सांगितलेले होते.

३.१४. अंदाज बदलला. आता १० मीटर किंवा त्याहून जास्त.

मैदानात चर्चा चालू होती. शिक्षकांना धोका कळलाच नाही, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. डोंगराचे नाव पुन्हा पुन्हा निघत होते. पण धक्के थांबत नव्हते. झाडे कोसळली तर? म्हाताऱ्यांना कसे चढवायचे? लाट इथवर यायची नाही, असेही कोणी म्हणत होते. वरच्या वर्गातली काही मुले स्वतःहून म्हणाली, डोंगरावर जाऊ या. तो डोंगर त्यांना परका नव्हता. शाळेने त्या उतारावर मुलांकडून आळंबीची लागवड करून घेतली होती. सुरक्षित उंची गाठायला मिनिट-दोन मिनिटे पुरली असती. ठिकाण आधी ठरलेले नसल्यामुळे थंडीत उभ्या मुलांसमोर ते आता ठरवले जात होते, आणि गावकऱ्यांचे मतही विचारात घेतले जात होते.

३.३० च्या आत. पालिकेची गाडी शाळेसमोरून ओरडत गेली : लाट किनाऱ्यावरचे पाइनचे बन ओलांडून आली आहे, उंचावर जा.

३.३५ च्या सुमारास. निर्णय झाला. पुलाजवळच्या उंचवट्यावर जायचे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७ मीटर. रस्ता नदीच्या दिशेने. रांग निघाली.

३.३७. पाणी आले. शाळेपाशी त्याची उंची समुद्रसपाटीपासून साडेआठ मीटरच्या वर गेली.

७४ विद्यार्थी मरण पावले किंवा बेपत्ता झाले. शाळेत असलेल्या ११ शिक्षक-कर्मचाऱ्यांपैकी १० गेले. लाटेत सापडलेली ४ मुले जगली.

२३ मुलांचे पालक न्यायालयात गेले. २०१६ मध्ये जिल्हा न्यायालयाने मुख्यतः त्या दुपारची शेवटची काही मिनिटे तपासली आणि गाडीवरची घोषणा झाल्यानंतरच्या निर्णयाला दोष दिला. एप्रिल २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने घड्याळ बरेच मागे नेले. शाळा नदीकाठी आहे, पालिकेचा नकाशा चुकू शकतो हे ताडून शाळेने आणि शिक्षण मंडळाने आराखड्यात नेमके ठिकाण आणि तिथवरची वाट नोंदवायला हवी होती, असे त्याने म्हटले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि तो निकाल कायम झाला. त्यात या कामासाठी धरलेली शेवटची मुदत आहे ३० एप्रिल २०१०.