कंदमुळातला कांदा

कांद्याला मराठीत त्याचे असे खास नाव नाही. संस्कृतात त्याला पलाण्डु म्हणत. फारसीतला प्याज उत्तरेने घेतला. दक्षिणेत कानडीची उळ्ळी आणि तेलुगूची उल्ली आहे. मराठीने मात्र जमिनीत पोसणाऱ्या कोणत्याही गड्ड्याला चालणारा ‘कन्द’ हा शब्द उचलला आणि तो एकट्या कांद्याला देऊन टाकला. गुजराती, कोकणी, राजस्थानी, माळवी या शेजारणींनीही तेच केले. जुना व्यापक अर्थ पुरता पुसलेला नाही. केळीच्या बुडाशी असतो तो कांदाच, आणि रानात उगवणारा विषारी कोलकांदाही कांदाच.

सोलापुरात हा घोटाळा एकाच गल्लीत दिसतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी ‘कंदा’ म्हणजे सुरण आणि कांदा म्हणजे ‘उल्लिगड्डा’. बाहेर पडून मंडईत गेले, की कांदा म्हणजे कांदा. यात चूक कोणाचीच नाही. अमरकोशात कन्द हे सुरणाचेच एक नाव दिले आहे. तेलुगूने ते सांभाळले, मराठीने वेगळी वाट धरली. शहरातले कानडी भाषक कांद्याला ईरुळ्ळी म्हणतात, काही भागांत नीरुळ्ळी. लसूण म्हणजे पांढरी उळ्ळी, बेळ्ळुळ्ळी. यातले पहिले पद ‘नीर’ म्हणजे पाणी, की तमिळ ‘ईरम्’शी नाते असलेला ओलाव्याचा शब्द, याविषयी दोन मते आहेत. कोणतेही धरले तरी अर्थ पाण्याशीच जाऊन थांबतो, आणि कांद्याच्या वजनाचा सुमारे नऊ दशांश भाग पाणीच असते.

मराठीने ही वाट का धरली? सरळ उत्तर असे, की कोरड्या पठारावर सुरण दुर्मीळ आणि कांदा घरोघरी. जो कंद रोज हाताशी, त्याला सगळ्या जातीचे नाव मिळाले. कोकण मात्र या उत्तरात बसत नाही. तिथे सुरण परसात वाढतो, तरी कांदा म्हणजे कांदाच. दुसरे उत्तर जास्त रंजक आहे आणि बहुधा जास्त खरेही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, पलाण्डु आणि अळंबी द्विजांना वर्ज्य ठरवली आहेत. सातव्या शतकात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएनत्संगानेही कांदा-लसूण खाणाऱ्याला वस्तीबाहेर काढतात, असे नोंदवले. पलाण्डु हे असे बदनाम नाव, तर कंद हे ऋषिमुनींच्या फराळातले. निषिद्ध वस्तू प्रतिष्ठित नावाने घरात आली, तर तिला उंबऱ्यावर कोणी अडवत नाही. लेखी पुरावा नसला, तरी या तर्काला बळ देणारी एक जोडी सोलापूर जिल्ह्यातच सापडते.

माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी शके 1217 मध्ये, म्हणजे 1295 साली, समाधिस्थ झाले. पंढरपूर जवळ असूनही ते वारीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, अशी परंपरा आहे. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात मळ्यातली भाजी हेच दैवत होते, आणि त्याची सुरुवातच कांदा आणि मुळा या जोडीने होते. ही जोडी कानाला ओळखीची वाटावी, कारण ती ‘कंदमूळ’ या जुन्या समासाचीच प्राकृत लेकरे आहेत. कन्दाचा कांदा झाला. मूळ या अर्थाच्या ‘मूल’पासून मूलक आणि मूलकाचा मुळा. तपोवनातला सामान्य आहार माळ्याच्या वाफ्यात उतरताना दोन ठरावीक पिकांचा झाला. एका जोडीतले दोन्ही शब्द एकाच रीतीने आक्रसले, हा योगायोग मानणे अवघड आहे.

या अभंगाला कांद्याचा जुना मराठी दाखला मानायचे, तर एक अडचण दूर करावी लागते. पुढे लसूण आणि कोथिंबिरीच्या मध्ये मिरची येते. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीज 1498 मध्ये भारतात पोचले, त्यानंतरच ती इथे रुजली. सावतोबांच्या मळ्यात ती असणे शक्य नाही. एक खुलासा असा, की तिथे मिरची म्हणजे मिरी. पण मिरीचा वेल पावसाच्या, दमट मुलखातला. माढ्याच्या कोरड्या रानात तो तग धरत नाही. दुसरा खुलासा, की सगळा अभंगच उशिराचा. तो फार टोकाचा वाटतो. परंपरेनुसार काशीबा गुरवांनी हे अभंग लिहून घेतले, पण ते टिकले गाणाऱ्यांच्या तोंडी, आणि तोंडी परंपरेत वाफ्यातले पीक बदलले, की ओळीतला शब्दही बदलतो.

मग मिरचीच्या जागी आधी काय असेल? इथे चरकसंहिता उपयोगी पडते. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायातल्या हरितवर्गात, म्हणजे जेवणासोबत ओल्या खायच्या वस्तूंत, आले, मुळा, धने, कांदा आणि लसूण एकत्र येतात. सावता माळ्यांची यादी यांतल्या चार नावांशी जुळते. उरते ते आले. मिरचीने बहुधा आल्याला बाजूला सारले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या मुळा, कांदा, लसणावर 1600 टॅलेंट चांदी खर्च झाल्याचे ऐकून लिहिले आहे. राबणाऱ्या माणसाचे तोंडी लावणे सगळीकडे सारखेच असते.

ज्या विठ्ठलाला या अभंगात कांद्याचे रूप मिळाले, त्याचे वारकरी चातुर्मासात कांदा सोडतात. आषाढ शुद्ध नवमीची कांदेनवमी झाली, भजी-थालीपिठांचा फडशा पडला, की दोन दिवसांनी एकादशी. सावतोबांची पुण्यतिथी आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे नेमकी कांदा बंद असतानाच येते.

औषध म्हणून कांद्याची कीर्ती शास्त्रात मध्यमच आहे. चरक त्याला वातनाशक, बल्य, जड आणि रुची आणणारा म्हणतो. पित्त शमवण्याचा गुण मात्र स्पष्टपणे नाकारतो. सोळाव्या शतकातला भावप्रकाश थोडा नरमतो: कांदा उष्ण नाही, पित्तही फारसे वाढवत नाही. लोकवैद्यकाने याच्याही पुढे जाऊन त्याला उन्हावरचा उतारा केले. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये सहज 40 अंशांपलीकडे जातो. तेव्हा शेतकरी फेट्यात किंवा खिशात कांदा ठेवतात, तळपायाला रस चोळतात, घोळणा फुटला की कांदा फोडून हुंगवतात. गळवावर भाजलेल्या कांद्याचे पोटीस आणि खोकल्याला मधातून रस, हेही घरोघरी चालते.

या सगळ्यांपेक्षा भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा खाणे शहाणपणाचे: पाणी मिळते, तोंडाला चव येते, सोबतच्या मिठाने घामावाटे गेलेले क्षार भरून निघतात. खिशातला कांदा उष्णता शोषून घेतो, याला आधार नाही. हुंगल्यावर येणारी तरतरी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गंधकयुक्त वायूची. तिने शरीराचा ताप उतरत नाही. ऊन लागून बरळणाऱ्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा धरत बसू नये, तोंडात पाणीही ओतू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.