हे लाकूड कोणाच्या दारात गेलं?

थंडीत वैभववाडीला गेलो होतो. करूळच्या घाटातून वारा उतरत होता. वाडीत शेकोटीशी बसलेल्या आमच्या आजीला मी एक चित्र दाखवलं. लाकूड तोडणारा माणूस. तिनं ते विस्तवाच्या उजेडात धरलं नि विचारलं, "ह्येना तोडलेला लाकूड कोनाच्या दारात जातला?"

मित्रांनो, इतिहासाला विचारायचा प्रश्न हाच.

चित्र ज्याँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं. शेतकऱ्याचा पोर. त्याची शेतकामाची दहा चित्रं लाव्हिएय नावाच्या कारागिरानं लाकडावर कोरली, ती १८५३ साली पॅरिसच्या एका साप्ताहिकात छापून आली. कापणी, झोडणी, लोकर कातरणं आणि हा लाकूडतोड्या. छापील म्हणून स्वस्त. १८८९ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात असलेल्या व्हॅन गॉगनं त्यांवरूनच रंगीत चित्रं केली.

आणि आपल्याकडे? इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे ८ खंड काढले. कशासाठी? जातीजमातींची नोंद हवी म्हणून. १८९४ ला मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला. घराघरांत लक्ष्मी-सरस्वती लागल्या. राबणारा माणूस भिंतीवर चढलाच नाही.

तो नव्हता काय? होता की! भात झोडून झालं की कोकणात हिवाळ्याची कामं सुरू. झाडावर चढून टाळ तोडायचे, भारे डोक्यावरून आणायचे, सुकवून तरव्याच्या जागेवर जाळायचे. ही भाजावळ. वर खोताची वेठ. आठ दिवसांतला एक दिवस फुकट, म्हणून आठवेठ. महाराला त्याच्याही वर गावकी: सरकारी माणूस आला की लाकूडफाटा पुरवायचा. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर हे. लाकूड आमच्या चुलीत फार थोडं गेलं.

ज्यांना कोणी छापलं नाही ते स्वतःच समोर येऊन उभे राहिले. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला, ऐन हिवाळ्यात, कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. महार, कुणबी एकत्र. खोती मोडणारा कायदा १९४९ ला झाला, वतन मोडणारा १९५८ ला. कोणी दयेनं दिलेलं नाही.

तेव्हा पोरांनो, कागद घ्या नि आपापल्या वाडीत जा. म्हाताऱ्यांना विचारा: भारा किती वजनाचा, किती कोस वाहिला, कोणाच्या अंगणात टाकला, बदल्यात काय मिळालं. सगळं लिहा. वाहणाऱ्याचं नावही लिहा. मिलेच्या लाकूडतोड्यालासुद्धा नाव नाही.